थरच्या वाळवंटातली खोरी: वर्गीकरण कशावर करायचे आणि नकाशा कुठून सुरू करायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात एम.ए.चा प्रकल्प करताना मार्कंडेय नदीचे खोरे तुम्ही क्यूजीआयएस या नकाशा काढायच्या संगणकप्रणालीत काढले. त्याच पायऱ्या, तेच आकडे जैसलमेर-बाडमेरच्या भागाला लावले, तेव्हा संगणकाने नद्यांचे सलग जाळे काढून दिले. प्रत्येक ओघळ शेवटी लुणीला किंवा थेट कच्छच्या रणाला मिळालेला दिसतो. मार्गदर्शक म्हणतात, असे जाळे तिथे नाहीच. मग वाळवंटातल्या खोऱ्यांचे वर्गीकरण कशावर करतात आणि नकाशा कसा काढतात?

मार्गदर्शकांचे बरोबर आहे. गोम तुमच्या दुसऱ्या पायरीत आहे. डीईएम (जमिनीच्या उंचीचा अंकी नकाशा) उघडल्यावर तुम्ही ‘फिल सिंक्स’ चालवले. ही आज्ञा जमिनीवरचा प्रत्येक खोलगट भाग काठापर्यंत भरून टाकते, म्हणजे पाणी कुठेही अडत नाही आणि प्रत्येक पिक्सेलला पुढची वाट मिळते. आपल्याकडे हे चालते. मार्कंडेयवरच्या राकसकोपच्या वर पडलेला थेंब आज ना उद्या गोकाकच्या बाजूला घटप्रभेत जाणार, तिथून कृष्णेत, तिथून बंगालच्या उपसागरात. वाटेत डीईएममध्ये खड्डा दिसला तर तो बहुधा मोजणीतला दोष असतो, किंवा दगडाची खाण, किंवा तलाव. भरून टाकला तरी खोऱ्याची हद्द बदलत नाही. थरमध्ये मात्र नदी त्या खोलगटातच संपते. तो भरला की ती नदी जिथे संपते ती जागाच नकाशावरून पुसली जाते, आणि काठावरून पाणी पलीकडे ओतून संगणक तिला भलत्याच नदीशी जोडून देतो.

म्हणून आधी वर्गीकरण नीट समजून घ्या. ते मनात पक्के असेल तर नकाशातले निम्मे प्रश्न उठतच नाहीत.

आपल्या खानापूर तालुक्यापासून सुरुवात करू. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला जाते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यात भीमगडच्या जंगलात निघालेली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. अखिल भारतीय मृदा व भूमी उपयोग सर्वेक्षण संस्थेने १९९० साली देशाचा पाणलोट नकाशासंग्रह काढला. त्यात ६ जलप्रदेश, ३५ खोरी, ११२ पाणलोट क्षेत्रे, ५०० उपक्षेत्रे आणि ३,२३७ पाणलोट अशी उतरंड आहे. सिंधू १, गंगा २, ब्रह्मपुत्रा ३. उरलेले जे बंगालच्या उपसागराला जाते ते ४, अरबी समुद्राला जाते ते ५. म्हणजे खानापुरात एकाच तालुक्यात ४ आणि ५ हे दोन प्रदेश एका डोंगरधारेवर पाठीला पाठ लावून उभे आहेत. कर्नाटकातल्या कृष्णा खोऱ्याच्या पाणलोट अहवालांवर ‘4D’ असा जो संकेतांक दिसतो, तो याच उतरंडीतून आलेला आहे.

आता सहावा प्रदेश बघा. पहिल्या पाचांची व्याख्या पाणी कुठे पोचते यावर आहे. सहाव्याला ‘पश्चिम राजस्थान, मुख्यतः क्षणिक प्रवाह’ असे म्हटले आहे. इथे पोचण्याचे ठिकाण सांगितलेले नाही, प्रवाहाचा स्वभाव सांगितला आहे. वाळवंटाच्या वर्गीकरणाची सगळी अडचण या एका ओळीत आली आहे. समुद्र हा निकष तिथे अपुरा पडतो, मग दुसरा निकष आणावा लागतो.

तो निकष शिस्तीत मांडण्याचे काम १९२०च्या दशकात एमान्युएल द मार्तोन या फ्रेंच भूगोलज्ञाने ऑफ्रेर यांच्यासोबत केले. त्यांनी जमिनीचे तीन प्रकार केले: पाणी समुद्रापर्यंत नेणारी, पाणी आतच एखाद्या तळाशी जमवणारी, आणि जिच्यावर ओळखता येईल असा प्रवाहच तयार होत नाही ती. यांना आपण बहिर्गामी, अंतर्गामी आणि प्रवाहहीन म्हणू. पृथ्वीच्या भूभागाचा साधारण पाचवा हिस्सा समुद्राला पाणी देत नाही. कॅस्पियन, अरल, तारिम, ऑस्ट्रेलियातले आयर सरोवर ही त्यातली मोठी नावे. एकट्या आयर सरोवराचे खोरे सुमारे १२ लाख चौरस किलोमीटरचे, म्हणजे त्या खंडाचा जवळजवळ सहावा भाग आहे.

थरमध्ये हे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी सापडतात. लुणी बहिर्गामीत धरतात. ती अजमेरजवळ अरवलीत उगम पावते, सुमारे ४९५ किलोमीटर वाहते, बालोतरानंतर खारट होते आणि कच्छच्या रणात शिरते. तिचे पाणलोट क्षेत्र ३७ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. जवाई, सुकरी, बांडी, मिठडी या तिच्या उपनद्या अरवलीच्या बाजूने येतात. उजव्या बाजूने नाव घेण्याजोगी जोजरी एकटीच, कारण त्या अंगाला वाळवंट आहे आणि तिथून तिला पाणी देणारे कोणी नाही. उपनद्यांचा हा एकांगीपणा नकाशावर दिसला पाहिजे. तुमच्या जाळ्यात दोन्ही बाजूंनी सारख्याच उपनद्या आल्या असतील, तर चूक शोधायला तिथूनच सुरुवात करा.

अंतर्गामीचे उदाहरण सांभर. मेंढा आणि रूपनगढ या नद्या त्याला पाणी देतात, तिथून पुढे वाट नाही, पाणी उन्हात उडून जाते आणि मीठ मागे राहते. डिडवाना, कुचामण, पचपदरा ही मिठाची ठिकाणेही बंद तळांवरचीच. पण अंतर्गामी म्हटले की सरोवरच हवे असे नाही. शेखावाटीतली कांतली नदी खंडेल्याच्या टेकड्यांतून निघते आणि झुंझुनू-चुरूच्या वाळूत दिसेनाशी होते. तिच्या शेवटी ना पाणी साचते ना मीठ. जैसलमेरची काकनी कोटरीच्या बाजूने निघून बुझ नावाच्या तळ्यात जाते. म्हणून अंतर्गामीत मी नेहमी दोन पोटप्रकार करतो: ज्याचा शेवट एका तळावर दाखवता येतो ते खोरे, आणि ज्याचा शेवट एका पट्ट्यात विरतो ते. पहिल्याला बिंदू देता येतो. दुसऱ्याला बिंदू देणे चुकीचे, तिथे पट्टाच रंगवायचा.

प्रवाहहीन भाग म्हणजे वाळूच्या टेकड्यांचा सलग मुलूख. पश्चिम जैसलमेरमध्ये वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तो वाळूत मुरतो, थोडा खोल जातो, बाकीचा परत उडून जातो. उतार आहे, पण प्रवाह नाही. आपल्या डोळ्यांना हे पटकन पटत नाही, कारण कणकुंबी-आमगावचा पाऊस आपण हजारो मिलिमीटरमध्ये मोजतो आणि इथे उतार दिसला की ओढा असतोच. संगणकालाही ते पटत नाही. त्याला फक्त उतार कळतो.

या मुख्य निकषाला आणखी दोन जोडावे लागतात. एक, पाणी कुठून आले. घग्गर शिवालिकच्या टेकड्यांतून पाणी घेऊन वाळवंटात येते आणि हनुमानगडच्या पुढे संपत जाते. तिच्या वाळवंटी भागाचे पाणलोट काढून तिचा पूर समजणार नाही, कारण पूर बाहेरून येतो. अशी पाहुणी नदी आणि तिथल्याच पावसावर चार तास वाहणारा ओघळ एका रंगात दाखवू नका. दुसरा निकष काळाचा. लुणी बहुतेक वर्षी रणापर्यंत धड पोचत नाही, पण जुलै १९७९ सारख्या पुरात ती सगळा प्रदेश जोडून टाकते. मग तिला बहिर्गामी कोणत्या वर्षासाठी म्हणायचे? माझे मत असे की नाव भूरचनेवरून द्यावे आणि पोचण्याची वारंवारता वेगळ्या रकान्यात लिहावी. दोन्ही गोष्टी एकाच नावात कोंबल्या की पुढे वाचणारा गोंधळतो.

देशोदेशींच्या संकेतपद्धतींनी ही अडचण वेगवेगळ्या रीतीने सोडवली आहे. ब्राझीलचे अभियंते ओटो फाफस्टेटर यांची १९८९ची पद्धत आता जगभर वापरतात. मुख्य नदीच्या सर्वांत मोठ्या चार उपनद्यांना खालून वर २, ४, ६, ८ आणि मधल्या पट्ट्यांना १, ३, ५, ७, ९. शून्य रिकामा उरतो, तो बंद खोऱ्यासाठी राखलेला आहे. हायड्रोबेसिन्स या जगभरच्या खोऱ्यांच्या माहितीसंचाच्या फाइलीत तुम्हाला हेच आकडे दिसतील. अमेरिकेने पश्चिमेकडच्या बंद खोऱ्यांच्या मुलखाला १६ क्रमांकाचा स्वतंत्र प्रदेश दिला आणि त्यांच्या पाणलोट नकाशात ‘योगदान न देणारे क्षेत्र’ अशी नोंद करण्याची सोय ठेवली. ही सोय फार मोलाची आहे. एखाद्या नदीच्या हद्दीत येणारी, पण तिला पाणी न देणारी जमीन त्यामुळे वेगळी दाखवता येते. नेवाडा राज्यात तर पाणी वाटपाचा कारभारच २५६ जलक्षेत्रांच्या हिशोबाने चालतो, आणि त्यांतली पुष्कळशी डोंगरांच्या दोन रांगांमधली बंद खोरी आहेत. तिथे आणखी एक गोष्ट शिकायला मिळते: जमिनीवर बंद असलेली खोरी खालच्या चुनखडकातून एकमेकांना पाणी देतात. पृष्ठभागाची हद्द आणि भूजलाची हद्द एकच असेल असे वाळवंटात धरून चालता येत नाही.

भारतातल्या दोन व्यवस्थांचीही नोंद घ्या, नाहीतर आकडे जुळणार नाहीत. वर सांगितलेला १९९०चा नकाशासंग्रह एक. दुसरी, केंद्रीय जल आयोग आणि हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांनी केलेली, जिच्यात देशाची २५ खोरी आहेत. तिच्यात लुणी ही कच्छ-सौराष्ट्राच्या पश्चिमवाहिनी नद्यांच्या गटात जाते आणि ‘राजस्थानातील अंतर्गत जलवहन क्षेत्र’ हे स्वतंत्र खोरे धरले आहे. खोरेनिहाय पाण्याच्या जुन्या तक्त्यांत या क्षेत्रापुढे आकडा नसतो, ‘नगण्य’ असा शेरा असतो. प्रकल्पात कुठली व्यवस्था घेतली ते पहिल्याच पानावर लिहा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

आता नकाशा. आपण उगमापासून किंवा संगमापासून खोरे काढतो. वाळवंटात शेवट आधी शोधायचा. खरे तळ कुठले ते ठरवा, त्यांची यादी करा, आणि मगच उताराचे गणित चालवा.

डीईएममधला खोलगट खरा की दोष, हे एकट्या डीईएमवरून ठरत नाही. एस.आर.टी.एम. या डीईएमची मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवसांत अवकाशयानातल्या रडारने झाली. सपाट कोरडी वाळू रडारला नीट परतावा देत नाही, म्हणून वाळवंटात त्या माहितीत रिकाम्या जागा राहिल्या आणि त्या नंतर भरल्या गेल्या. त्यात उंचीतली काही मीटरची चूक गृहीत धरावी लागते. गोकाकला जिथे पाणी ५२ मीटर खाली पडते तिथे या चुकीने काही बिघडत नाही. बाडमेरच्या मैदानात मात्र कित्येक किलोमीटरमध्ये जमीन तेवढीच उतरते, आणि मग जलविभाजक रेषा कुठल्या कुठे सरकू शकते. शक्य असेल तर इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचा कार्टोडेम आणि युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा ३० मीटरचा डीईएम घेऊन एस.आर.टी.एम.सह तिन्हींची तुलना करून पाहा. तिन्हींत ज्या जागी खोलगट येतो तो विचारात घ्या, एकातच येतो तो बहुधा दोष.

मग बाहेरचे पुरावे जोडा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० टोपोशीटवर (भूरूपनकाशावर) कोरड्या नाल्याची काळी रेषा जिथे तुटते ती जागा नोंदवा. आपल्या ४८ आय किंवा ४७ एल या शीटवर अशी रेषा पुढच्या ओढ्याला मिळते. ४० क्रमांकाच्या शीटांवर ती वाळूच्या ठिपक्यांत संपलेली दिसेल, आणि सर्वेक्षकाने ती मुद्दाम तिथे संपवलेली आहे. लँडसॅट उपग्रहांची चित्रे १९८४ पासून जोडून युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने पृष्ठभागावरील पाण्याचा जागतिक नकाशा केला आहे. एखाद्या तळावर चाळीस वर्षांत एकदाही पाणी दिसले असेल तर तो ते सांगतो. मिठाचा पांढरा थर उपग्रहचित्रात ओळखू येतो. गावकऱ्यांची नाडी, टोबा (पावसाचे पाणी साठवणारी गावतळी) आणि जैसलमेरकडची खडीन हाही पुरावाच आहे. खडकाळ उतारावरचे पाणी खाली बांध घालून अडवायचे आणि ओल जमिनीत जिरली की त्यावर रब्बी पीक घ्यायचे, ही खडीनची रीत. जिथे खडीन आहे तिथे वरच्या अंगाला प्रवाह देणारी जमीन आहे आणि खाली पाणी थांबते, हे त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तपासून ठेवले आहे. कुठल्याही अल्गोरिदमपेक्षा माझा या बांधांवर जास्त विश्वास आहे.

खरे तळ ठरले की त्यांच्या सर्वांत खोल जागी ‘नो डेटा’चा (माहिती नसलेला) पिक्सेल ठेवा. हायड्रोशेड्स हा जगभरच्या जलवहनाचा माहितीसंच तयार करतानाही नैसर्गिक तळांना असेच बीज दिले होते. आता ‘फिल’ चालवा. दोषाचे खड्डे भरतील, खरे तळ तसेच राहतील आणि प्रत्येक तळाभोवती त्याचे खोरे आपोआप उभे राहील.

दोन ठिकाणी तरीही हात घालावा लागेल. पहिले, डोंगराच्या पायथ्याचे गाळाचे पंखे. पाण्याची दिशा ठरवणारी तुमची डी-८ पद्धत १९८४ची आहे आणि ती प्रत्येक पिक्सेलचे पाणी एकाच शेजाऱ्याला देते, त्यामुळे प्रवाह फक्त एकत्र येतात. पंख्यावर याच्या उलट घडते: नाला डोंगरातून बाहेर पडताच फुटतो आणि दर पुरात वेगळ्या फाट्याने जातो. तिथे वरचे खोरे पंख्याच्या माथ्यावर संपवा आणि खालचा पंखा वेगळे एकक म्हणून दाखवा. दुसरे, वाळूचा मुलूख. टेकड्यांमधल्या प्रत्येक सपाट पट्टीला संगणक एक चिमुकले खोरे देईल. अशी हजारो खोरी निरर्थक आहेत. त्या सगळ्या मुलखाची एक हद्द काढा, तिला ‘प्रवाहहीन’ म्हणा आणि आत एकही निळी रेषा ठेवू नका.

ओढा कुठे सुरू होतो याचा उंबरठाही बदला. मार्कंडेयसाठी तुम्ही जितक्या पिक्सेलांवर ओढा धरला तितक्याच पिक्सेलांवर जैसलमेरमध्ये धरता येणार नाही. तिथे खडकाळ मगऱ्यावरचा (उघड्या खडकाच्या उंचवट्यावरचा) पाऊस लगेच वाहतो, शेजारच्या वाळूवरचा थेंबभरही वाहत नाही. फ्लो अ‍ॅक्युम्युलेशनला, म्हणजे प्रत्येक पिक्सेलपर्यंत वरून किती पाणी येते त्या मोजणीला, पावसाचे आणि मातीचे वजन द्या. वाळूला वजन शून्य दिले की खोट्या नद्या बऱ्याचशा आपोआप जातात.

हे सगळे नेटके झाल्यावर एक इशारा. बंद खोऱ्याची हद्द कायमची नसते. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात वर्षभराच्या सरासरीहून जास्त पाऊस दोन-तीन दिवसांत पडला. कोरड्या पडलेल्या जुन्या प्रवाहमार्गाने पाणी आले आणि कवास, मलवा ही गावे बुडाली. शंभराहून अधिक माणसे गेली. खाली जिप्समचा थर असल्याने पाणी मुरेना, पुढे वाट नसल्याने वाहून जाईना, ते महिनोन्‌महिने तसेच उभे राहिले. तळाची वस्ती नकाशावर तळ म्हणून दाखवलेली असणे किती गरजेचे आहे, हे यापेक्षा वेगळे सांगायला नको. म्हणून प्रत्येक बंद खोऱ्यासाठी मी आणखी एक आकडा काढायला सांगतो: तळापासून काठावरच्या सर्वांत खालच्या खिंडीपर्यंतची उंची. पाणी इतके चढले तर ते शेजारच्या खोऱ्यात सांडेल. ही ओतखिंड नकाशावर बाणाने दाखवा. आपल्याकडे बळ्ळारी नाला तुंबून येळ्ळूर-वडगावच्या शिवारात पाणी उभे राहते, तेव्हा निदान ते पुढे मार्कंडेयला जाणार हे माहीत असते. बंद खोऱ्यात ती खात्री नसते.

माणसाने केलेले बदल वेगळ्या थरावर ठेवा. इंदिरा गांधी कालवा नैसर्गिक जलविभाजकांची पर्वा न करता वाळवंट ओलांडतो. घग्गरचे पुराचे पाणी सूरतगडजवळच्या वाळूटेकड्यांमधल्या खोलगटांत वळवले आहे. सांभरच्या पाणलोटात छोटे बंधारे इतके झाले आहेत की नकाशावरचे खोरे आणि खरोखर पाणी देणारे खोरे यांत मोठे अंतर पडले आहे. मूळ भूरचनेची हद्द आणि आजची पाणी देणारी हद्द, दोन्ही काढा.

नकाशाच्या सूचीत हद्दीच्या तीन खुणा ठेवा. डोंगरधारेवरची पक्की हद्द अखंड रेषेने. डीईएमच्या चुकीत सापडणारी मैदानातली हद्द तुटक रेषेने. ही कुठे तुटक करायची ते ठरवायला डीईएममध्ये लहानशी यादृच्छिक चूक मिसळून गणित पुन्हा पुन्हा चालवा, ज्या ठिकाणी रेषा दर वेळी हलते तिथे ती तुटक. आणि विरून जाणाऱ्या शेवटांसाठी रेषाच नको, रंग फिका करत न्या. तोंडी परीक्षेत कोणी विचारले की नकाशा अर्धवट का दिसतो, तर ही तिसरी खूण दाखवून कांतलीचे उदाहरण द्या.

जैसलमेर सध्या बाजूला ठेवा. आधी सांभर घ्या. त्याचा तळ माहीत आहे, नद्या माहीत आहेत, १९९० पासून ते रामसर स्थळ असल्याने त्यावर अभ्यासही पुष्कळ आहेत. म्हणजे तुमचे उत्तर पडताळता येईल. तिथे हद्द जुळली की तीच पद्धत काकनीला लावा, आणि वाळूचा मुलूख सर्वांत शेवटी.